एकच चौकट पाणी

दोन किनारे आणि मध्ये पाण्याची एकच चौकट,
एवढं जुळलं की पूल बांधता येतो.
दोन चौकटी पाणी असेल तर गेम नाही म्हणतो,
लाल खूण दाखवतो, टुक् आवाज करतो.
आणि पाणीच नसेल तर
ते सोलापूर.

हा विनोद गुरसिद्ध हत्तुरेचा.
दाजी पेठेत, आमच्या शेडच्या मागच्या खोलीत
एकाच कीबोर्डवर आम्ही आळीपाळीनं राज्यं चालवायचो.
तो जपान. मी कायम अमेरिका,
कारण लाल पूल अमेरिकेला लवकर मिळतो
असं माझं ठाम मत होतं.
(खोटं होतं. आधी लोखंड, मग पोलाद, मग कसलंसं शास्त्र,
ते ज्याला-त्याला शिकावंच लागतं.)

भिंतीपलीकडे आठ माग.
त्यांच्या धडधडीनं टेबल हलायचं,
माऊस आपोआप सरकायचा.
एकदा माझं अख्खं सैन्य असंच समुद्रात गेलं.
गुरसिद्ध म्हणाला, काय बे, पोहायला पाठवला काय?

नायना कांड्या न्यायला आत यायचे,
खांद्यावर टॉवेल, भुवयांवर कापसाची लव.
एका रात्री थांबले.
पडद्यावर पूल उभा राहत होता,
दोन मनोरे, त्यांच्यावरून गेलेले जाड दोर,
दोरांना लोंबणाऱ्या बारीक उभ्या तारा.
बराच वेळ बघून म्हणाले,
ताणा कोणी भरला?

नायना, पूल आहे तो.
दिसतंय की. तारा किती?
गुरसिद्धनं कुठंतरी वाचलेलं सांगितलं,
एकेका दोरात सत्तावीस हजार.
नायनांनी मनातल्या मनात बीम मोजलं असावं,
ओठ हलले.
आणि एक तुटली तर?

गेममध्ये तुटत नाही.

मग सांधणारा दिवसभर काय करतो,
असं विचारून, उत्तराची वाट न बघता
कांड्यांची टोपली उचलून ते गेले.
आम्ही हसलो. हसायचं वय होतं.

माझे तीन डाव उरले होते.
तीन डावांत पूल माझा होता,
आणि गुरसिद्धनं मला न सांगता,
चार डाव तोंड मिटून,
सगळी कारखान्यांची शहरं त्याच कामाला लावली होती.
तुतारी वाजली त्याच्या नावानं.
दुसऱ्यानं आधी पुरं केलं की तुझा अर्धा पूल मोडतो.
मनोरे जातात, दोर जातात,
आणि ओतलेल्या श्रमांचं सोनं तुझ्या खजिन्यात जमा होतं.
दोनशे बारा नाणी.
मी घोडेस्वार विकत घेतले. दुसरं काय करणार.

माग विकले त्या वर्षी
अक्कलकोट रोडवरून काट्याचा टेम्पो आला.
किलोवर सौदा.
नायनांनी प्रत्येक मागाचं वजन दोनदा वाचायला लावलं,
स्वतः चष्मा नसताना वाकून बघितलं,
आठव्याला म्हणाले, याचा धोटा राहू दे.
भंगारवाला म्हणाला, लाकूड आहे, मला नकोच होता.
मी मोबाईलवर बेरीज केली.
त्यात कुठंच नव्हतं
की किती डाव उरले होते.

गुरसिद्ध आता पुण्यात.
डाव फाईलमधून पाठवतो,
चौथ्या-पाचव्या दिवशी, नळासारखा,
आणि आला की सगळं टाकून बसावं लागतं.
मधल्या दिवसांत कॉम्प्युटरवर नायना बसतात.
राज्याशी त्यांना देणंघेणं नाही,
कर, सैन्य, तह, काही बघत नाहीत.
पुलापाशी जातात, चाक फिरवत फिरवत
तारा दिसेपर्यंत जवळ.
डाव्या हाताचा अंगठा तर्जनीवर
घासत असतो, पीळ देत असतो,
त्यांचं त्यांना माहीत नसतं.

काल विचारलं, नायना, तुटली का एखादी?
म्हणाले, अजून तरी नाही.
मग वळून भिंतीकडे बघितलं, जिकडे शेड.
टेबल गप्प होतं.
आता माऊस ठेवावा तिथंच राहतो.