तंगूस

भद्रकालीतून दीडशे मीटर आणलं,
पॉइंट तीसचं, शेवाळी रंगाचं.
दुकानदार म्हणाला, मशीनवर भरून देऊ का?
नको म्हणालो.
एकतीस वर्षं सातपूरला जळक्या मोटारी भरल्या,
या दोन बोटांतून तांब्याची तार गेली ती
त्र्यंबकला जाऊन येऊन पुन्हा उरेल इतकी,
आणि एवढंसं रीळ भरायला पैसे देऊ?

आधी जुनं काढायचं.
ते निघतं कुरळं, पिवळट, जागोजागी खरवडलेलं.
हा चरा गंगापूरच्या फुगवट्यात बुडालेल्या बाभळीचा.
हा बहुतेक त्या मरळीचा,
जी हातभर दिसली,
माझ्याकडे नीट बघून गेली.
शकू म्हणते, गुंता असाच फेकू नको,
कबुतरांच्या पायांत जातो.
मग कात्रीनं बोट-बोट तुकडे,
दुधाच्या रिकाम्या पिशवीत.

तळाशी, उघड्या स्पूलवर,
काळ्या इन्सुलेशन टेपचा एकच वेढा.
रुंजाअण्णाचा.
हात थरथरायला लागला तेव्हा
रीळ माझ्या डब्याच्या पिशवीत टाकून म्हणाला,
स्प्रिंग कधीतरी जाणार हिची,
तेव्हा माझ्या नावानं बोंब मारू नको.
स्प्रिंग अजून गेली नाही.
टेप मी काढत नाही.
तिच्यामुळे दोरा घसरत नाही,
एवढंच.

तारेची कमान आधी उघडायची, मग गाठ.
मागच्या खेपेला उलटं केलं,
गाठ झकास, हँडल गरगर,
आणि दोरा जागचा हलेना.
ते कुणाला सांगितलेलं नाही.

शकूनं नव्या चकतीत पेन्सिल घातली,
शिलाई मशीनची सवय.
म्हटलं, तशी नाही, फरशीवर आडवी ठेव,
लेबल वर.
का?
अण्णा तसं करायचा.
हे काय कारण झालं, म्हणाली,
पण ठेवली,
आणि ब्लाउजपीसची ओली चिंधी करून
दोरा चिमटीत धरला,
ना सैल, ना गळा आवळलेला.
चाळीस वर्षं दोरा धरणाऱ्या हाताला
हे सांगावं लागत नाही.

वीस वेढे. थांबलो. दोरा ढिला सोडला.
तो स्वतःभोवतीच गोळा झाला,
रागावलेल्या गोमेसारखा.
मी लेबल वाचत बसलो.
तिनं पायाच्या अंगठ्यानं
चकती उलटी केली.
पुढचे वीस वेढे
सरळ आले.
ती काही बोलली नाही.
न बोलण्याचा तिचा एक आवाज आहे,
तो मात्र ऐकला.

मोटारीत तार भरायची
ती पुन्हा कधी सुटू नये म्हणून.
स्लॉटमध्ये ठोकायची, वार्निश पाजायचं, भाजायची.
सुटली तर आपली अब्रू गेली.
आणि इथे वेढ्यावर वेढा बसवतोय
तो एका झटक्यात सगळा निघून जावा म्हणून.
हाताला हे पटायला वेळ लागतो.
हात अजून आवळू बघतो.

बस, आता बस, ती म्हणाली.
अजून जागा आहे, मी म्हणालो.
बॉबिन काठोकाठ भरली की ओकते.
थांबलो.
काठापासून दोन रुपयांच्या नाण्याएवढं अंतर.
उरलेलं वीसेक हात तिनं
तोंडल्याच्या वेलाला नेलं,
विचारलंही नाही.

संध्याकाळी गच्चीवर
टोकाला दहा नंबरचा नट बांधला.
जानेवारीचा वारा पांडवलेण्याच्या बाजूनं.
कमान उघडली, बोटावर दोरा घेतला,
फेकला.
तो गेला.
टाकीवरून गेला, डिशच्या छत्रीवरून,
गल्लीवरून,
कुठेही न अडखळता,
मी आयुष्यात काही इतकं सहज सोडलेलं नाही.

टण्ण.
खैरनारांचा पत्रा.
आतून आवाज : कोण आहे रे?

आम्ही दोघं कठड्यामागे बसलो,
तिच्या तोंडात पदराचा बोळा.
मी हळूहळू हँडल फिरवायला लागलो,
आणि पलीकडे पत्र्यावरून
तो नट
खरडत खरडत
घरी यायला निघाला.