मुनीराला, पहिल्या दिवशी

आधी चूल नाही, आधी वारं बघ.
लिंबाच्या शेंड्याकडं बघून कळत नसतं,
इथं दारात चिमूटभर राख सोड.
आज औंढ्याकडून यायलंय.
मग हे दार सताड उघडं, ते नुसतं लोटलेलं.
दोन्ही कधीच लावायची नाहीत,
थंडी वाजली तर माझी शाल घे.

तुराटीची पेंढी उचलण्याआधी आपट.
तिकडं, कुंपणाकडं. वर्गाकडं नाही.
मागल्या साली दोनदा आपटून काही नाही,
तिसऱ्यांदा आपटली तर इंचू पडला,
पाठीवर सगळी पिल्लं घेऊन.
हेडमास्तर खुर्चीवर चढले होते.

पदर खोच. तसा नाही, पाठीमागून घेऊन कमरेत घट्ट.
ही कशाची साडी? आज काय सण आहे?
उद्यापासून सुती. विटलेली असली तरी चालंल.
हे असलं कापड जळत नाही बाई,
ते वितळतं आन् अंगाला चिकटतं.

आता रच. खाली पऱ्हाटी, बोटाएवढी,
आडवी-उभी, मधून पलीकडचं दिसलं पाहिजे.
वर तुराटी. बाभळ मागून, जाळ धरल्यावर, एक-एक.
कोंबलं की धुपतं,
धुपलं की तू फुंकणार,
वाकून फुंकलं की राख डोळ्यात
आन् मग खिचडीत मीठ दोनदा.

काडी ओढ. अंगाकडं नको, अंगापासून लांब.
विझली? विझू दे.

त्या बाटलीकडं बघू नकोस.
हो, रॉकेलच आहे. शिपायाच्या कंदिलाचं.
तू मघापासून माझ्या गळ्याकडं बघायलीस
आन् विचारत नाहीस.
गळ्यापासून कोपरापर्यंत हे जे आहे
ते अर्ध्या कपाचं काम.
लग्नाला अकरा दिवस झालेले,
पाहुणे चहासाठी बसलेले, सरपण ओलं.
नांदेडच्या दवाखान्यात जबाब घ्यायला आला
त्यानं तीनदा विचारलं, कुणी ओतलं?
मी तीनदा सांगितलं, मीच. घाई होती.
त्यानं लिहून घेतलं, पण मानलं नाही.
माझ्या आईनंसुद्धा मरेपर्यंत मानलं नाही.
सासूनं सहा महिने मला हातानं भरवलं,
हे कुणाला सांगू?

दुसरी काडी घे.

लागली. बस, हात काढ, तिला तिचं करू दे.
आता भगुनं. कान धरायला कोरडं फडकं,
ओल्यातून वाफ सरळ बोटात शिरते.
ही बादली कयाधूच्या वाळूची,
रिकामी दिसली तरी कुणाला नेऊ द्यायची नाही,
पान खाऊन थुंकू तर मुळीच नाही.
जाळ चुलीबाहेर आला की पाणी नको, ही वाळू.

आन् जाताना राखेवर तळहात नाही,
हाताची मागची बाजू धरायची.
गार लागली तरी उकरून बघायचं.
एका रविवारी कुलूप काढलं
तर शनिवारचा निखारा आत जागाच,
शेजारी रिकाम्या पोत्यांची चळत.

खडूची ही रेघ मी रोज मारते.
लेकरं ओलांडत नाहीत, कबड्डीची समजतात.
फक्त दुसरीतला विघ्नेश
एक पाय अलीकडं टाकतो
आन् माझ्याकडं बघत राहतो.
त्याला ओरडायचं नाही,
नुसतं नाव घ्यायचं.

फुंकणी उलटी धरलीस.
घंटा झाली बघ.
त्याच्या पायाकडं लक्ष ठेव.