पडणारा

लेम्युअल प्राउट पडायचा कसा, मला विचारा.
अकरा वर्षं मी खाली खड्ड्यात, ड्रमशी,
ओहायोतल्या गारठलेल्या थिएटरांत, दिवसाला तीन खेळ,
कुत्र्यांच्या कसरतीनंतर, गाणाऱ्या बहिणींच्या आधी.
त्याचा पाय सुटला की काठी उचलायची,
पाठ टेकली की धाड्.
मधली जागा आम्हा दोघांचीच.

मग त्याला सिनेमानं नेलं.
नव्वद मिनिटांत एकदाच पडला, जिन्यावरून.
आवाज दुसऱ्याच कुणी, दुसऱ्याच दिवशी भरलेला.
तिकीट काढून पाहिलं मी.
किंचित उशिरा होता.

टीव्हीवर दर गुरुवारी पडायचा,
साबणाच्या जाहिरातीआधी.
हसू डब्यातलं,
कधी कधी तो पडायच्या आतच फुटायचं.
पत्रात लिहायचा : पडलो तरी नाक वर, एम्मेट.
जमीन तेवढी मऊ केलीय यांनी,
म्हणून जास्त लागतं.

गेल्या हिवाळ्यात त्याच्या मुलीचा फोन.
बाबा न्हाणीघरात पडले.
मी विचारलं, कसे?
ती गप्प. मग म्हणाली, पाठीवर.
आता नाहीत.

बशीत चमचा होता.
उचलला मी,
आणि बराच वेळ
तसाच वर धरून बसलो.