तीन टक्के

मागच्या महापालिकेला आमच्या प्रभागात
पक्षाला तीन टक्के मतं पडली.
आहेर कॉम्रेडनी आकडा वहीत लिहिला, खाली रेघ मारली,
आणि चहा सांगितला.
पाच सांगितले. आलो होतो चौघं.

विषय: तरुणांपर्यंत कसं पोचायचं.
बैठक अडीच तास चालली.
सगळ्यात तरुण मी होते. वय सत्तेचाळीस.

रील काढा, असं ठरलं. काढलं.
आहेर मोबाइलकडे बघून वर्गीय पिळवणूक म्हणाले,
मागे पंखा घरघरत होता.
एकशे बारा जणांनी पाहिलं,
त्यातले तीसेक आम्हीच, पुन्हा पुन्हा.

मग एप्रिलातल्या एका दुपारी
सातपूरच्या ऑफिसच्या दारात एक पोरगा उभा,
पाठीवर चौकोनी पेटी, हेल्मेट डोक्यावरच.
"ताई, जरा चार्जिंगला लावू? तीन टक्के आहे."

मी हसले. का, ते त्याला कळलं नाही.

प्लग दाढीवाल्या तसबिरीखाली.
"हे तुमचे आजोबा का?"
"हो," म्हटलं, "लांबचे."

कल्पेश भोये. पेठ तालुका, करंजाळीच्या पुढे.
दुसऱ्या दिवशी दोघं आले, आठवड्यात सहा जण.
आहेरांनी पेन्शनीतून आठ खाचांचा बोर्ड आणला.
खजिनदार बिल नाचवत म्हणाला,
पक्षाचं ऑफिस आहे की पानटपरी?

तेव्हा मी गप्प बसायला शिकले.
अवघड गेलं.
तीस वर्षं मला बोलायलाच शिकवलं होतं.

ही पोरं मालक म्हणत नाहीत, ॲप म्हणतात.
कामावरून काढलं म्हणत नाहीत,
आयडी उडाली म्हणतात.
आम्ही सकाळच्या शिफ्टला कंपनीच्या गेटवर
पत्रकं घेऊन उभं राहणारी माणसं.
यांचं गेट कुठे? तर खिशात,
आणि ते रात्री दीडलाही वाजतं.

मायको सर्कलला सुनीलची गाडी घसरली.
तर्री रस्त्यावर, गुडघा फुटलेला,
आणि ॲपवर त्याचीच आयडी बंद.
शनिवारी संध्याकाळी कॉलेज रोडला
चाळीस जणांनी फोन बंद करून गाड्या लावल्या.
"झेंडा नको ताई, आत्ता नको."
आहेरांनी बावटा घडी करून पिशवीत ठेवला,
इस्त्रीच्या सदऱ्यासारखा, जपून.
भाषण झालं नाही.
चौथ्या दिवशी आयडी चालू.

आता आपले झाले, असं मला वाटलं होतं.

विधानसभेनंतर कल्पेशला विचारलंच.
तो चार्जरची वायर बोटाला गुंडाळत राहिला.
"खोटं नाही बोलणार. मामा म्हणाला तिकडे दिलं.
तुम्ही निवडून येत नाही ना, ताई.
पण लफडं झालं की तुमच्याकडेच येणार."

त्या रात्री मी बोर्ड उपटून कपाटात टाकला.
लढाईला आम्ही, आणि बटण दाबायला मामा?
झोप लागली नाही.
सकाळी ऑफिस उघडायच्या आधी
पायरीवर तिघं बसलेले, फोन हातात घेऊन.
बोर्ड परत लावला. राग मात्र राहिला, अजून आहे.

मध्येच एकदा तो म्हणाला होता,
आमच्या आत्याची लाल टोपी आहे घरी,
पायी गेली होती ती मुंबईला.
आता नागलीच्या डब्यावर झाकण म्हणून घालते,
घट्ट बसते, किडा जात नाही.
हे ऐकून आहेर बराच वेळ चष्मा पुसत होते.

परवा एका मुलीला घेऊन आला. मोनाली.
अंबडला ट्रेनी आहे, तिसरं वर्ष, अजून ट्रेनीच.
"हिचं ऐका. आणि ताई,
आधी पूर्ण ऐकून घ्या."

ती बसली, बॅगेतून वायर काढली.
आठही खाचा भरलेल्या.
मी माझा फोन काढला.
एकोणीस टक्के होता.
चालेल, म्हटलं. बोल.