आवाज किती?

दुकान तळघरात आहे. ओस्त्रावाच्या या बाजूला
हिवाळ्यात चार वाजताच दिवे लागतात
आणि आमच्या खिडकीतून दिसतात फक्त बूट.
बुटांवरून मी ओळखते, कोण पायऱ्या उतरणार.

उतरलेल्या प्रत्येकाचा पहिला प्रश्न: आवाज किती?
बाळ निजतं पलीकडच्या खोलीत.
नवऱ्याला रात्रपाळी.
मी डब्याचा फिल्टर पुढे करते, कपाटात लपणारा,
दोन नळ्यांचा, महागडा, मांजरासारखा मुका.
मासे कोणते, हे पुष्कळदा कुणी सांगतच नाही.

वेंडेलिनने आवाजाचं विचारलं नाही.
पोलादाच्या कारखान्यात एकतीस वर्षं, कान तिथेच राहिले.
खिशातून चौकटीची वही काढली, लिहिलं:
ऐंशी लिटर. सहा कोरिडोरस. पिल्लं हवीत.

मी खाली लिहिलं: पाणी तासाला चारदा फिरायला हवं.
त्याने त्याखाली: माशांनी सांगितलं?

मग हातमोजा काढला
आणि एकेका टाकीच्या काचेला तळहात लावत चालला,
गोठ्यात जनावराच्या पाठीवरून हात फिरवावा तसा.
मागे टांगलेल्या धबधब्यापाशी मान हलवली.
बोटाच्या टोकाने दाखवलं इवलंसं काही,
ते वाहत गेलं, वाहत गेलं,
आणि दुसऱ्या हाताची मूठ मिटली.

आतल्या मोटरवाल्या टाकीपाशी हात झटकन मागे.
लिहिलं: पंख्याचं एक पातं तुटलंय.
ओताकरने उघडून बघितलं.
तुटलं होतं.
दोन महिने आम्ही दोघं त्या टाकीशेजारी डबा खातो,
चांगले चार धडधाकट कान घेऊन.

कोपऱ्यात, खताच्या बाटल्यांमागे,
ओताकरची जुनी टाकी. तीत स्पंज, काळपट तपकिरी,
हवेच्या नळीवर चालणारा. सगळ्यांत स्वस्त.
मी कुणाला दाखवत नाही, दिसायलाच ओंगळ.
वेंडेलिनचा हात तिथे टेकला
आणि राहिला.
बुडबुडे वर जात होते, एक, मग जरा थांबून दोन.
त्याचे डोळे मिटले. मला वाटलं, थकला असेल,
खुर्ची पुढे केली. त्याने ती पाहिलीही नाही.

मी खोक्यातला कोरा स्पंज काढला, किंमत दाखवली.
नाही. त्याचं बोट त्या ओंगळाकडेच.

ओताकर, जो सुटा क्राउनसुद्धा कुणाला सोडत नाही,
बाह्या सारून कोपरापर्यंत पाण्यात गेला,
कात्रीने स्पंज मधोमध कापला.
अर्धा इथल्या माशांना. अर्धा पिशवीत,
त्याच टाकीचं पाणी घालून.
त्या लगद्यात न दिसणारं बिऱ्हाड असतं,
माशांच्या मुताचं विष खाऊन जगणारं.
बसायला त्याला आठवडे लागतात,
उठायला नळाची एक धार पुरते.
पिशवीवर त्याने जाड पेनाने लिहिलं: नळाखाली धुऊ नका.
वेंडेलिनने वाचलं, आणि असा बघितला
जणू भट्टीवाल्याला कुणी आग शिकवतंय.

बाहेर उणे आठ. पिशवी त्याने कोटाच्या आत,
सदऱ्याला लावून धरली आणि गेला.
खिडकीतून बूट, बर्फात सावकाश.
बिलाची प्रत अजून खिळ्याला आहे:
हवेचा पंप एक. नळी दीड मीटर.
पाणी, अर्धा लिटर.

रोज दुकान बंद करताना मी त्या कोपऱ्यात हात लावते.
नवा अर्धा जुन्या अर्ध्याला टेकलाय, अजून पिवळा.
काच गार लागते. बाकी काही कळत नाही.
काल लाल बुटांची एक बाई आली,
दारातूनच म्हणाली, आवाज किती?
हातमोजे काढा, मी म्हटलं.
तिला वाटलं, चेष्टा करतेय.