चौदा टक्के

उजव्या हाताची तर्जनी, मुळापासून : चौदा टक्के.
मधलं बोट बारा.
अनामिका आणि करंगळी, प्रत्येकी सात.
म्हणजे अंगठी घालायचं बोट
आणि शाळेत 'बाई, जाऊ?' म्हणून वर करायचं बोट
सरकारदरबारी एकाच भावाचं.
अंगठ्याचे तीस.
परमारसाहेबांनी परिशिष्टाचं पान माझ्याकडे फिरवलं
आणि मी भाजीचे भाव वाचावेत तसा
वरून खाली वाचत गेलो.

मकरपुऱ्याच्या आमच्या शेडमध्ये चौदा माणसं,
रजिस्टरवर आठ.
दहा असती तर इएसआयचं कार्ड असतं,
गोत्रीच्या दवाखान्यात टाके फुकट पडले असते.
आठ असल्यामुळे मी जुन्या कायद्यात बसतो :
पगार पंधरा हजार, त्याचे साठ टक्के,
गुणिले वयाचा आकडा, गुणिले बोट.
हे गणित मला सातवीत कुणी असं घातलं असतं
तर मी आठवीत गेलो असतो.

वयाचा आकडा चाळिशीला एकशे चौऱ्याऐंशी पूर्णांक सतरा,
एक्केचाळिसाव्याला एकशे एक्याऐंशी पूर्णांक सदतीस.
माझा वाढदिवस झाला, आणि नवव्या दिवशी प्रेस खाली आली.
दहा दिवस आधी आली असती
तर तीन हजार पाचशे अठ्ठावीस रुपये जास्त.
बायको म्हणाली,
तरी मी सांगत होते, केक नको.

शेठ घरी आले होते, सफरचंदं घेऊन.
शिर्केभाई, आपण तर घरचीच माणसं.
पंचवीस हजार आत्ता घ्या, इथे सही करा.
सही.
मी त्यांच्याकडे पाहिलं, त्यांनी माझ्या बँडेजकडे,
आणि मग खिशातून शाईचं पॅड काढलं.
तयारीने आले होते.
कागदावर टाइप केलेलं : गार्ड कामगाराने स्वतःहून काढला.
गार्ड दिवाळीच्या ऑर्डरला त्यांच्याच भाच्याने काढला,
तासाला चाळीस नग जास्त पडतात म्हणून,
आणि भिंतीशी आडवा टाकला.
आम्ही त्यावर डबे ठेवायचो.

परमारसाहेब म्हणतात, अंगठा देऊ नका.
तीस टक्क्यांचा आहे, जपा.
कमिशनरसमोर ठरेल ते ठरलं,
स्वयंपाकघरात ठरलेलं तिथे कुणी धरत नाही.
त्यांनी पेन्सिलीने आकडा लिहून दिला :
दोन लाख अठ्ठावीस हजार पाचशे सव्वीस, वीस पैसे.
महिन्यात दिले नाहीत तर वर व्याज.
मी विचारलं, वीस पैसे कशाचे?
ते म्हणाले, नखाचे असतील.
दोघंही हसलो. मग त्यांनी चहा सांगितला
आणि मी कप डाव्या हाताने धरला, थोडा सांडला,
दोघांनीही ते पाहिलं नाही.

अर्जात एक रकाना होता : इजेमुळे काय करता येत नाही.
दीड ओळीची जागा.
परमारसाहेबांनी लिहिलं, प्रेस चालवता येत नाही.
शर्टाचं वरचं बटण, चिमूटभर हिंग,
देवळात कुंकू, रिक्षाला हात करून 'इथे, इथे' दाखवणं,
हे दीड ओळीत बसत नव्हतं
आणि मी सांगितलंही नाही.

उत्तरायणाला मांजा दरवर्षी याच बोटाला कापायचा,
पहिल्या पेराच्या घडीत, बरोब्बर तिथेच.
म्हणून हेमांगी सकाळीच चिकटपट्टी घेऊन यायची,
बाबा, बोट द्या.
यंदाही आली. अर्धवट झोपेत, सवयीने,
दातांनी पट्टी तोडली आणि हात पुढे केला.
मग तिच्या लक्षात आलं.
गच्चीवर स्पीकर लागले होते, समोरच्या शहांचा पहिला पतंग
वर चढला होता. ती तशीच उभी, पट्टी चिकटत चाललेली
तिच्याच बोटांना.
मग म्हणाली, बरं, मधलं द्या.

दिलं.
तारीख सतरा फेब्रुवारीची आहे.