आवाजाच्या दिशेनं

मोनाप्पा तरळे बुधवारी यायचा, लुमाण्णा हुंदरे रविवारी.
हे कुणी ठरवलं नव्हतं.
बापाच्या दुकानात खुर्ची एकच,
आरशावर पारा उडून पडलेला डाग,
त्यात बसणाऱ्याचा एक डोळा कायम हरवायचा.

भरतीला दोघे एकाच दिवशी गेले होते,
रताळ्याच्या बांधावरून चालत, बेळगावच्या कॅम्पात.
डॉक्टरनं एकाच खडूनं दोघांच्या छातीवर फुली मारली.
पुढं मोनाप्पा सिंगापुरात कैद झाला
आणि एका सकाळी त्यानं टोपीवरचा बिल्ला बदलला.
लुमाण्णा जुन्याच बिल्ल्यात
आसामातून ब्रह्मदेशात उतरला.

हे लुमाण्णा सांगायचा
ते गालाला साबण असतानाच.
नदी होती, नाव आठवत नाही.
रात्री पलीकडून कर्ण्यातून हाक आली:
"पोरांनो, हिकडं या.
त्येंचं मीठ खाल्लासा, खरं ते मीठ
आपल्या घाटातनं आलंय, विलायतेतनं न्हवं."

बाहेरच्याला सांगावं लागतं,
आमच्या भागात 'पण' कुणी म्हणत नाही.
येतो, खरं पाऊस हाय.
देतो, खरं आज न्हाई.
त्या एका शब्दासरशी लुमाण्णाला
अंधारात मार्कंडेयचा अख्खा काठ दिसला,
धुणं धुणाऱ्या बायकांसकट.

साहेबानं विचारलं, काय ओरडतोय तो?
"कळत नाही साहेब. मद्रासी वाटतंय."
साहेब म्हणाला, मग आवाजाच्या दिशेनं झाड.

"आणि?" बाप विचारायचा, वस्तरा कानाशी थांबवून.
"आणि काय. हुकूम होता."
"वर झाडलीस?"
लुमाण्णा मान जरा सरकवून
डोळा त्या डागात नेऊन ठेवायचा.

मोनाप्पाच्या खांद्यावरून टॉवेल काढताना
बापाला तो खड्डा दिसायचा, चिंचोक्याएवढा.
त्यानं एकदाच विचारलं.
"विमानातनं," मोनाप्पा म्हणाला, फार लगेच.
बापानं लढाई पाहिली नव्हती,
खरं अंगाची पुढची बाजू त्याला कळत होती.

लुमाण्णाला पेन्शन.
मोनाप्पाला एक कागद, पगार जप्त झाल्याचा.
मग सरकार बदललं, मग राज्य बदललं,
वेशीवरची पाटी दुसऱ्या लिपीत आली.
खूप वर्षांनी कुणीतरी म्हणालं,
तुमच्याही फौजेला आता मिळतंय, अर्ज करा.
मराठीतला अर्ज परत आला.
कन्नडमध्ये लिहून नेला
तर साक्षीदार मागितला:
तिकडं तुम्हाला पाहिलेला माणूस आणा.
होते ते मेले होते, किंवा पंजाबात होते.

त्या गुरुवारी लुमाण्णानं कोट घातला.
पदकं काढून ठेवलेली, टाचण्यांची भोकं तेवढी छातीवर.
कचेरीत कारकुनानं विचारलं,
तुम्ही ह्यांच्याच फौजेत?
"न्हाई. समोरच्या."
कारकुनानं पेन खाली ठेवलं, परत उचललं.
ह्यांना तिथं पाहिलंत?
लुमाण्णानं एकदाही मोनाप्पाकडं बघितलं नाही.
"बघितलं न्हाई. खरं, ऐकलं."

कारकून दावणगेऱ्याकडचा, चांगला माणूस,
मराठी पुस्तकातून शिकलेला.
त्यानं जपून, सुंदर अक्षरात उतरवलं:
साक्षीदारानं पाहिलेलं नाही, हे खरं आहे.
खाली लुमाण्णाची सही घेतली.

संध्याकाळच्या बसमधून उतरून
दोघे सरळ दुकानात आले.
मी केस झाडत होतो, झाडू हातातच राहिला.
बाकावर दोघे बसले, मधे एका माणसाची जागा सोडून.
बराच वेळ कुणी बोललं नाही.

मग मोनाप्पा म्हणाला, त्याच्या त्या बसक्या आवाजात,
ज्याला गाव तुरुंगातली थंडी म्हणायचं:
"मद्रासी काय रे?"

बापानं पाणी गरम करायला ठेवलं.
पट्ट्यावर वस्तरा चार वेळा फिरवला
आणि विचारलं, आधी कोण?
दोघांपैकी कुणीच उठलं नाही.